मोरपंखी की ताकाचा? एकाच खोलीला दोन्ही रंग लावून झाले, आता ऐका

आधीच सांगून टाकतो, डबा कुठल्या कंपनीचा ते सांगणार नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. दोन्ही वेळा एकाच कंपनीचं एकाच दर्जाचं मॅट इमल्शन, पेंटर तोच, भिंत तीच, फक्त रंग एकदम उलटे. अखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) मे महिन्यात लावला गडद मोरपंखी, आणि दिवाळीच्या आधी त्याच्यावर मारला ताकासारखा ऑफव्हाइट. लोकं साधारण एकच रंग लावतात आणि मग पुढची सहा वर्षं "छान आहे ना, छान आहे" असं स्वतःलाच समजावत बसतात. आम्ही एका वर्षात दोन्ही भोगले. पैसे गेले ते गेले, निदान तुमचे तरी वाचू द्या.

तर खोली कशी आहे ते आधी, कारण रंगाचं सगळं खोलीवर आहे. धुळ्यात देवपूरला आमचं घर, पुढची खोली १० बाय १४, उंची १० फूट, तोंड पश्चिमेला. खिडकी एकच आणि तीही उन्हाळ्यात कूलरने अर्धी अडवलेली. समोरच्यांनी मजला चढवल्यापासून सकाळचा उजेड तसा कमीच येतो, मात्र दुपारी चारनंतर ऊन असं तिरपं आत घुसतं की सोफ्यावर बसलेल्या माणसाला डोळे मिटूनच बोलावं लागतं. या एका खोलीत दिवसभर बायकोचं फॉल-पिको आणि ब्लाउजचं मशीन, संध्याकाळी आईच्या मालिका, रात्री पोराचं अंथरूण, आणि वर्षातून एकदा कानबाई, आमची खानदेशातली देवी, श्रावणात घरी बसते ती. म्हणजे खोली एक आणि मालक चार.

मोरपंखीची आयडिया बायकोची. तिने मोबाइलवर कुठल्यातरी बंगल्याचा फोटो बघितला होता, गडद निळसर-हिरवी भिंत, समोर पितळी दिवा, पांढरा सोफा. फोटो जबरदस्त होता यात वाद नाही. पण त्या फोटोत एक अख्खी काचेची भिंत होती आणि बाहेर बाग होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आईचं पहिल्या दिवसापासून म्हणणं एकच, गडद रंगाने घर तापतं आणि लक्ष्मी अंधारात येत नाही. मी मधे. दुकानात गेलो तर शेठने शेड कार्ड पुढे टाकलं, नखाएवढे चौकोन, त्यातला एक बायकोने बोट ठेवून पक्का केला, त्याचं इंग्रजीत कायतरी समुद्राचं नाव होतं. धुळ्यात समुद्र. असो.

इथे पहिली चूक. कार्डावरचा चौकोन पांढऱ्या कागदावर छापलेला असतो आणि आजूबाजूला पंधरा दुसरे रंग, त्यात तुमचा रंग खरा कसा दिसतो ते कळूच शकत नाही. बरं आम्ही हुशारी करून २०० मिली सॅम्पल आणून भिंतीवर हातभर पट्टा पण मारला होता, पण जुनी भिंत पांढरी, तिच्यावर तो पट्टा होता त्यापेक्षा गडद दिसला, मग आम्ही म्हणलं एक शेड फिकी घेऊ, घेतली, आणि चारी भिंती झाल्यावर ती फिकी शेड आधीच्या पट्ट्यापेक्षा गडद वाटायला लागली! कारण काय, तर चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, कोपऱ्यात तर एकावर एक चढल्यासारखा होतो. हे हलक्या रंगाला पण लागू आहे, त्याचं पुढे सांगतो.

आता कामाचं. पेंटर भाऊंनी डबा उघडून काडीने ढवळला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ रंग दोन हात मा बसाव नही." मला वाटलं काम वाढवून मागतायत. पण ते खरं होतं आणि त्याचं कारण नंतर शेठनेच सांगितलं. फिक्या रंगाचा जो बेस असतो तो पांढराशुभ्र, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर, झाकायचं काम तो करतो, मशीन वरून रंगाचे चार थेंब टाकतं. गडद रंगाला तो बेस चालत नाही, नाहीतर मोरपंखीचा आकाशी होईल, म्हणून त्याचा बेस वेगळा, जवळजवळ बिनरंगाचा, पातळ डिंकासारखा, आणि त्यात कलरंटच भरपूर ओतायचं. डब्यात बेस पण थोडा कमी भरलेला असतो, वरून कलरंटला जागा पाहिजे म्हणून. म्हणजे पैसे जास्त, आणि झाकण्याची ताकद मात्र पहिल्या हातात दिसत नाही. पहिला हात मारल्यावर खोली अशी दिसत होती जशी कोणीतरी ओल्या फडक्याने शाई पुसलीये. आई दारात उभी राहून म्हणाली, "हाई बैठक शे का भुयार शे?"

दारं-खिडकी सोडून साधारण ४२० चौरस फूट भिंत. चार लिटरमध्ये दोन हात आरामात होऊन उरेल असा हिशोब होता. झाले तीन हात, आणि पश्चिमेकडच्या दोन भिंतींना चौथा. चार लिटरच्या डब्यावर एक लिटर आणला, मग अजून एक लिटर. आणि इथे दुसरी चूक, ही मात्र लिहून ठेवा. नंतर आणलेला लिटर त्याच दुकानातून, त्याच कोडवर, त्याच मशीनवर बनवलेला, तरी भिंतीवर सुकल्यावर केसभर वेगळा. दुकानात सांगितलं तर म्हणे "तुमच्या डोळ्यांचा भ्रम आहे". भ्रम असता तर दाराशेजारी ती उभी रेघ येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दिसली नसती. पेंटर भाऊंचं म्हणणं, गडद रंग घ्यायचा तर अर्धा-एक लिटर जास्तच घ्यायचा आणि लावायच्या आधी सगळे डबे एका बादलीत ओतून एकजीव करायचे. आणि दुसरं, पांढऱ्या प्रायमरऐवजी राखाडी छटा दिलेला प्रायमर मारायचा, एक हात वाचतो. हे आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, तुम्ही कुठे विचारलं. काम उक्तं दिलेलं असल्याने वाढलेले हात त्यांच्याच अंगावर पडले, म्हणून मी पुढे बोललो नाही.

मे महिन्याचं अजून एक. धुळ्याच्या उन्हात रंग ब्रशवरच वाळतो. रोलरचा एक पट्टा मारून दुसरा जोडेपर्यंत पहिल्याची कड सुकलेली, मग जोड दिसतात, आणि गडद मॅटवर जोड जास्तच दिसतात. भाऊ सकाळी सहाला यायचे, दहापर्यंत भिंत संपवायचे आणि दुपारी नुसती घासाई. ताकाच्या वेळी दिवाळीआधीची हवा होती, ही कटकटच नव्हती.

बरं, एवढं सगळं झाल्यावर पहिल्या रात्री काय वाटलं? खोटं कशाला बोलू, भारी वाटलं. एकदम भारी. पिवळा दिवा लावला, पांढरा दरवाजा उठून दिसला, टीव्हीच्या मागची भिंत गायबच झाली आणि चित्र एकदम थेटरसारखं. बायकोने फोटो काढून माहेरी अमळनेरला पाठवले, तिकडून वहिनीचा फोन, "हॉटेल आहे का घर". दोन दिवस आम्ही सगळे हळू आवाजात बोलत होतो, का ते माहीत नाही, गडद खोलीत माणूस आपोआप हळू बोलतो.

मग दिवस उजाडला. सकाळी दहा वाजता पेपर वाचायला ट्यूब लावावी लागली. कंपन्यांच्या शेडपुढे एलआरव्ही म्हणून एक आकडा देतात, तो कोणी बघत नाही आणि तोच बघायला पाहिजे. ० म्हणजे पडलेला सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. आमच्या मोरपंखीचा १० च्या आसपास, ताकाच्या रंगाचा ८० च्या आसपास. म्हणजे खिडकीतून आलेला उजेड मोरपंखी भिंतीवर पडला की दहातला एक हिस्सा परत, बाकी गडप. काचेच्या भिंतीवाल्या बंगल्यात हे परवडतं, आमच्या अर्ध्या खिडकीत नाही. आधी एका २० वॅटच्या ट्यूबवर खोली चालायची, मोरपंखीत दोन झाल्या आणि मशीनवर वेगळा बल्ब.

आणि ट्यूबचं पण बघा. आपल्याकडे सगळ्यांच्या घरात ती ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जेवढा कमी तेवढा उजेड पिवळा). तिच्या उजेडात मोरपंखी निळा दिसायचा, थंडगार, स्विमिंग पुलासारखा. ३००० च्या पिवळ्या दिव्यात तोच हिरवा. आणि संध्याकाळी पाचचं आमचं पश्चिमेचं ऊन आलं की ना निळा ना हिरवा, शेवाळलेल्या हौदासारखा. एका खोलीत एका दिवसात तीन रंग. काही लोकांना हे आवडेल, मला पहिला महिना आवडलं पण.

आता आईचा मुद्दा, घर तापतं. हे मी तपासलं, कारण घरात यावरून गंज वाद झाला. भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर आणला, आठवडाभर पुढच्या खोलीत आणि आठवडाभर मधल्या पांढऱ्या खोलीत ठेवला, दुपारी तीनला आकडा जवळजवळ तोच, एखाद्या डिग्रीचा फरक आला तो पण कधी इकडे कधी तिकडे. विचार केला तर बरोबरच आहे. घर तापतं ते वरच्या स्लॅबने आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने, आतून तुम्ही मोरपंखी लावा नाहीतर पोपटी, खिडकीतून जेवढं ऊन आत आलं तेवढी गरमी येणारच. बाहेरून गडद रंग लावला असता तर आईचं शंभर टक्के खरं ठरलं असतं. मागे एका उन्हाळ्यात गच्चीला पांढरा चुना मारला होता त्याने मात्र रात्री पंख्याची हवा सोसवायला लागली होती. तेव्हा गरमीच्या भीतीने आतला गडद रंग सोडू नका. सोडायचा तर दुसऱ्या कारणांनी सोडा, ती भरपूर आहेत.

सगळ्यात मोठं कारण धूळ. सगळ्यांना वाटतं गडद रंगावर मळ दिसत नाही. हा अर्धा गैरसमज आहे भो. मळ दिसत नाही हे खरं, पण धूळ दिसते, कारण धूळ फिकी असते. आणि आमच्या गावाचं नावच धुळे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे इथे एकमेकांना छेदतात, उन्हाळ्यात वावटळी, आणि खिडकीत कूलर जो बाहेरची सगळी हवा ओढून आत फेकतो. पंधरा दिवसात स्विचबोर्डाच्या वरच्या कडेवर, फोटोफ्रेमच्या खाली, सगळीकडे पिठी पडल्यासारखं. फडका मारला तर मॅट रंगावर फडक्याचे फराटे चमकतात. बोअरचं पाणी जड, कूलरचे तुषार भिंतीवर उडून वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके, ताऱ्यांनी भरलेलं आकाश. पोराने बॅट टेकवली, पांढरी रेघ. खुर्ची घासली, पांढरी रेघ. आणि रेघ लपवायला उरलेल्या डब्यातून टचिंग केलं की टचिंग वेगळं दिसतं. एका जागी मी इतक्यांदा टचिंग केलं की तिथे भारताचा नकाशा तयार झाला होता, श्रीलंकेसकट.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. मोरपंखी भिंतीवर डास दिसत नाही. पावसाळ्यात रॅकेट हातात घेऊन मी भिंतीला नाक लावून उभा असायचो.

पण मोरपंखी गेला तो धुळीने नाही की डासाने नाही. तो गेला बायकोच्या ब्लाउजांमुळे. ज्या बाईने तो रंग हट्टाने आणला तिचंच काम त्या खोलीत होईना. दोऱ्याचं मॅचिंग. राणी कलरच्या साडीचं फॉल, दोरा लावला तेव्हा तंतोतंत, आणि बाई घरी जाऊन उन्हात बघते तर दोरा जांभळट. दोनदा झालं, तिसऱ्यांदा एक गिऱ्हाईक चांगलंच बोललं. कारण तेच, खिडकीचा उजेड आधी भिंतीवर आपटून मग कपड्यावर येतो, येताना भिंतीचा रंग घेऊन येतो. ती दोऱ्याच्या रीळा घेऊन ओट्यावर जायला लागली, उन्हात. शेवटी एका दुपारी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, दिवाळीच्या आधी हा रंग काढू." मी काहीच बोललो नाही. नवरा म्हणून मला तेवढी अक्कल आहे.

गंमत पुढे आहे. तोपर्यंत श्रावण आला. नागपंचमीनंतरचा रविवार, आमच्या घरी भाऊबंदकीची कानबाई बसते, पुढच्याच खोलीत. खानदेशातल्या लोकांना सांगायला नको, कानबाईच्या आधी घराला रंग-सफेदी करायचीच असते, आणि आई महिनाभर हेच म्हणत होती की यंदा रंग असून नसल्यासारखा, कानबाई अंधारात कशी बसवायची. जिभाऊ, काकू, सगळी भावकी जमली, रोटांसाठी मुठीमुठीने गहू झालेला, पुरण शिजलेलं. चौरंग मांडला, केळीचे खांब लावले, नारळाला नथ-डोळे लावून, दागिने घालून, लाल-पिवळ्या वस्त्रात कानबाई बसली, झेंडूच्या माळा, आणि समोर समया लावल्या. आणि मागे मोरपंखी भिंत. सगळे गप्प. त्या गडद रंगापुढे झेंडूचा पिवळा असा पेटला होता की विचारू नका. इतकी वर्षं पांढऱ्या भिंतीपुढे बसायची, फोटोत मागची भिंत आणि ट्यूबचा पांढरा भगभगाट जास्त, देवी कमी. यंदा नुसती देवी. आई हात जोडून उभी, म्हणाली, "माय कशी खुली दिसी राह्यनी!" रात्रभर गाणी झाली, सोमवारी पांझरा नदीवर विसर्जन करून नारळ परत घेऊन आलो, आणि आईने त्या रिकाम्या भिंतीकडे बघत जाहीर केलं की रंग तसा वाईट नाही.

म्हणजे ज्या दिवशी बायको मोरपंखीच्या विरोधात गेली त्याच्या पंधरा दिवसांत आई बाजूने आली. मी परत मधे.

याच काळात एक दुसरी गोष्ट दिसली. पावसाळ्यात संध्याकाळी लाइट जायची, त्या अर्धवट अंधारात सोफ्यावरची विटकरी उशी एकदम काळी पडायची आणि मोरपंखी भिंत मात्र उलट जास्त उजळ वाटायची, आतून प्रकाश येतोय अशी. मला वाटलं माझेच डोळे, पण बारावी सायन्सच्या भाच्याने सांगितलं की याला पुर्किंजे इफेक्ट म्हणतात, उजेड कमी झाला की आपले डोळे लाल रंगाला आंधळे होत जातात आणि निळ्या-हिरव्याला जास्त पकडतात. एकोणिसाव्या शतकात एका चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं होतं म्हणे. आमच्याकडे वीज मंडळाने नोंदवून दिलं.

तर मोरपंखीला माझ्याकडून १० पैकी ६. रात्रीला ९, दिवसाला ३, सरासरी तेवढीच येते.

आता ताक. तुम्हाला वाटेल पांढरा रंग निवडणं सोपं. उलट आहे. शेठने पांढऱ्यातले सहा प्रकार काढून ठेवले आणि सगळे एकसारखे. मग पेंटर भाऊंनी युक्ती केली, कोरा झेरॉक्सचा कागद प्रत्येक चौकोनाशेजारी ठेवला, आणि लगेच कळलं, एक गुलाबी मारतो, एक हिरवा, एक पिवळा, एक तर सरळ राखाडी. आम्ही पिवळटातला सगळ्यात हलका घेतला. यावेळी भिंतीवर पट्टा नाही मारला, टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा कापला, त्याला दोन हात सॅम्पल मारलं, आणि तो पुठ्ठा चार दिवस खोलीत फिरवला, खिडकीशेजारी, कोपऱ्यात, सोफ्यामागे, सकाळी, पाच वाजता, ट्यूबखाली. मोरपंखीच्या वेळी हे केलं असतं तर हा सगळा लेखच लिहावा लागला नसता. आणि पुठ्ठ्यावर जेवढा दिसला त्यापेक्षा भिंतीवर पिवळा थोडा जास्तच आला, चार भिंतींचं ते गणित. म्हणून पुठ्ठ्यावर "अजून जरा पिवळा पाहिजे" असं वाटलं तर थांबा, तोच बरोबर आहे.

गडदावर फिका चढवायचा म्हणून भीती होती, पण घासकागद मारून, भोकं पुट्टीने बुजवून एक हात पांढरा प्रायमर, आणि त्याच्यावर रंगाचे दोनच हात. साडेतीन लिटरच्या आत काम झालं, चार लिटरच्या डब्यातून उरला. डब्याला लिटरमागे शंभर-सव्वाशे रुपये पण कमीच पडले. पांढऱ्या बेसची ताकद बघून मला मोरपंखीवर परत राग आला.

राहायला कसा आहे? निवांत. खोली दोन फूट रुंद झाल्यासारखी वाटते, ट्यूब एकच, ती पण संध्याकाळी सहानंतर. दोऱ्याचं मॅचिंग खोलीतच होतं. धूळ बसते तेवढीच पण दिसत नाही. भिंतीवर पाल आली की लगेच दिसते, हे चांगलं का वाईट ते ज्याने त्याने ठरवावं. पाचच्या उन्हात भिंती तापवलेल्या दुधावरच्या सायीसारख्या होतात, तो अर्धा तास मला आवडतो, मी मुद्दाम चहा तेव्हाच घेतो.

पण कौतुक एकतर्फी करणार नाही. स्विचबोर्डाभोवती महिन्याभरात बोटांचं काळं कुंकू लागलं. दिवाणावर जिथे आई टेकून बसते तिथे डोक्याच्या तेलाचा गोल डाग, मॅट रंग तेल पितो, पुसला की पसरतो. ही चूक माझी, हलक्या रंगात तरी धुता येणारं, किंचित चमक असलेलं इमल्शन घ्यायला पाहिजे होतं, पण मी जुनी तुलना बिघडू नये म्हणून तेच मॅट घेतलं, अशी हौस पण असते माणसाला. पांढऱ्या ट्यूबखाली रात्री हा रंग दवाखान्यासारखा दिसतो, त्यामुळे मी ट्यूब बदलून ४००० ची लावली, आता बरं आहे. आणि फोटो. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला प्रत्येक फोटो आधार कार्डाचा वाटतो. पाहुणे येतात, बसतात, चहा पितात, रंगाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. मोरपंखीला शिव्या का होईना पण पडायच्या. ताकाला साडेसात.

मधे शाळेत पोराच्या पालकसभेला गेलो होतो, तिथे वर्गाच्या भिंतीकडे बघत बसलो. खाली चार फूट चॉकलेटी ऑइल पेंटचा पट्टा, वर फिका पिवळा. शाळा, एसटी स्टँड, दवाखाने, रेल्वेचे क्वार्टर, सगळीकडे हेच असायचं आणि आपण त्याला सरकारी म्हणून हसायचो. पण बघा ना, हात, पाय, डोकं, बेंच, जे काही घासतं ते चार फुटांच्या खाली, तिथे गडद आणि धुता येणारा. उजेड खेळतो तो वर, तिथे फिका. कोणी इंटिरिअरवाल्याने नाही सांगितलं, तरी बरोबर. आमच्या साक्रीकडच्या गावातलं आजोबांचं धाब्याचं घर आठवलं, मातीच्या जाड भिंती, एक झरोका, आणि आतून पांढऱ्या मातीचा हात, खाली गेरूचा पट्टा. एका झरोक्याच्या उजेडात आजी दाणे निवडायची. तिला एलआरव्ही कोणी शिकवला नव्हता.

हे बायकोला सांगितलं तर म्हणे, खाली मोरपंखी पट्टा मारायचा विचार असेल तर मी आधी माहेरी जाते.

कोणी काय घ्यावं ते मला विचाराल तर एवढंच, खोली दिवसा वापरायची, खिडकी एक, घरात शिवणकाम, अभ्यास, दाणे निवडणं असं काही असेल तर फिका घ्या आणि तो धुता येणारा घ्या. नुसती झोपायची खोली, टीव्हीची खोली, रात्रीच उघडणारी, तर गडद बिनधास्त घ्या, फक्त राखाडी प्रायमर, एक लिटर जादा आणि पिवळे दिवे यांचा खर्च आधीच धरून चाला. आणि कूलरची भिंत सोडून.

मोरपंखीचा अर्धा-पाऊण लिटर डब्यात उरला होता. मी तो जिन्याखाली टाकून दिला होता. मागच्या आठवड्यात आई डबा घेऊन आली, झाकण गंजलेलं, वरती साय धरलेली. म्हणाली, पुढच्या खोलीतल्या कोनाड्याला मार. तो दोन बाय तीनचा कोनाडा, जिथे कानबाईचा नारळ वर्षभर ठेवतो. मी साय काढली, फडक्यातून गाळला, आणि तीन हात मारले. दोन हातात बसला नाहीच.